वाटसरूची खिडकी

टॅनस्टोला येणारा पाहुणा आधी नदीकाठच्या गाडीतळावर उतरतो, मग घाईघाईने स्वच्छतागृह गाठतो आणि मोकळा झाला की विचारतो, इथे बघण्यासारखं काय आहे. त्यासाठी नगरपालिकेने नकाशाचा फलक लावलाय. फलकावर किल्ल्याची उरलेली एक भिंत आहे, लोकरबाजाराची जुनी इमारत आहे, नदीकाठचे बाक आहेत आणि चहाची दोन दुकानं आहेत. त्यातलं एक केव्हाच बंद पडलंय, पण ते फलकाला कोणी कळवलेलं नाही. चढाच्या टोकाला, चर्चच्या भिंतीला लागून, एक लाल ठिपका आहे. वाटसरूची खिडकी. त्या ठिपक्यामागे हेस्टर बाउडलर जन्मभर उभी होती.

गाडीतळ आणि स्वच्छतागृह, दोन्ही सिरिल ग्विल्ट सांभाळायचा. "इतिहास वर, गरज खाली," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि आपल्याच विनोदावर आपणच हसायचा. लोक दम खात चढ चढायचे. वर पोचल्यावर भिंतीत त्यांना एक हातभर रुंद लाकडी खिडकी दिसायची, आणि आत पांढऱ्या एप्रनमधली, उंच, हाडापेराने मजबूत बाई.

आमच्या गावाचा इतिहास म्हणजे मुळात आमच्या कंजूषपणाचा इतिहास आहे. फार जुनी गोष्ट. ॲग्नेस नावाची कोणी एक विधवा भर बर्फात चालत गावात आली आणि दारोदार हिंडली. एकाही घराने दार उघडलं नाही. ती मेली नाही, हे आमचं दुर्दैव म्हणायचं की सुदैव, ते अजून ठरलेलं नाही. पुढे तिने लोकरीच्या धंद्यात पैसा केला, अर्धं गाव विकत घेतलं आणि मरताना अट घालून ठेवली. उजेड आहे तोवर खिडकी उघडी राहील. जो वाटसरू लाकडावर टकटक करून मागेल, त्याला पावाची जाड फोड आणि पेलाभर बिअर मिळेल. त्याचं नाव विचारायचं नाही. कुठून आलास विचारायचं नाही. एकाही वाटसरूला विन्मुख पाठवायचं नाही. आणि टॅनस्टोच्या माणसाला मात्र काही म्हणजे काही द्यायचं नाही. ज्यांनी आपल्याला उपाशी ठेवलं त्यांच्या नातवंडांना फुकटचा पाव कशाला, असं बाईच्या मनात असणार.

आता गंमत बघा. बाईने शिक्षा म्हणून घातलेली अट गावाने लाडाने डोक्यावर घेतली. लग्न होऊन लांब गेलेली पोर पहिल्यांदा माहेरी आली की घरी जायच्या आधी खिडकीवर जाते. लढाईवरून परतलेला शिपाई, बोटीवरून आलेला खलाशी, शहरात नोकरी करून टक्कल पडलेला मास्तराचा मुलगा, सगळे आधी खिडकीवर. टकटक करायची आणि म्हणायचं, "वाटसरू आहे, वाटा मिळावा." आतून उत्तर येतं, "गावच्या माणसाला मिळत नाही." की खिडकी धाडकन बंद. बाहेर जमलेले टाळ्या पिटतात, कोणी डोळे पुसतं. पाव नाकारला म्हणजे तू कुठेही जा, अजून आमचाच.

आणि दिला, तर? दिला, असं कधी होतच नसे. एकदाच झालं, आणि ते हेस्टरच्या हातून झालं.

हेस्टरचा बाप, एमॉस बाउडलर, तिच्याआधी खिडकीवर होता. खिडकीला लागूनच त्यांचं दोन खोल्यांचं घर. बायको लवकर गेली, मागे दोन मुली, थोरली हेस्टर आणि धाकटी लेटी. दोघींना आणि बापाला कान एकसारखे, डोक्यापासून फटकून उभे राहिलेले. "बाउडलर लोक चढ उतरताना जपून उतरतात," असं सिरिल म्हणायचा, "कानात वारं भरलं तर नदीपार जायचे." हेस्टर केस मोकळे सोडून कान झाकायची. लेटी मुद्दाम वर बांधायची. दोघींमधला फरक एवढ्यात आला.

लहानपणी लेटीचा एक खेळ होता. बापाचा कोट घालायचा, आवाज घोगरा करायचा आणि खिडकीवर टकटक. "वाटसरू आहे हो, दूर देशीचा, वाटा मिळावा."

एमॉस आतून गंभीरपणे विचार केल्यासारखं करायचा. "कान बघू."

लेटी टोपी काढायची.

"गावच्या माणसाला मिळत नाही," म्हणत तो खिडकी आपटायचा, आणि मागच्या दाराने ती आत आली की तिला तीच फोड लोणी लावून द्यायचा. हेस्टरला हे सगळं पोरकट वाटायचं. पण लेटीचं झालं की ती हळूच विचारायची, "बाबा, मी पण करू?"

मे महिन्यात गावात जत्रा भरायची. लाकडी घोड्यांची चक्री यायची, तिच्यावर रॉय नावाचा एक हसरा गडी असायचा. एका वर्षी जत्रा उठली आणि लेटीही उठली. जाताना बापाच्या गळ्यात पडून रडली आणि हेस्टरला म्हणाली, "तू आहेस ना इथे. दोघींनी कशाला अडकून पडायचं?"

ते वाक्य हेस्टरला बोचलं, आणि बोचतच राहिलं. तिला कुठे जायचं होतं असं नाही. पण कोणी विचारलंही नव्हतं.

दोन वर्षांनी एमॉस अंथरुणाला खिळला. रोज एकच प्रश्न. "लेटी आली?" हेस्टरने जत्रेच्या लोकांकडे निरोप पाठवला, मग दुसरा, मग तिसरा. लेटी आली नाही. बाप दाराकडे तोंड करून गेला. शेवटचे आठ दिवस त्याला कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं हेस्टरने केलं, आणि त्याच्या तोंडात नाव मात्र धाकटीचं. जिने केलं ती जवळ होती, म्हणून दिसत नव्हती. असं होतं. पण ज्याचं होतं त्यालाच कळतं.

मूठमाती देऊन आठवडा झाला होता. हेस्टर बापाच्या जागी खिडकीवर उभी होती. बसमधून उतरलेल्या पाहुण्यांची रांग लागली होती. रांगेत लेटी उभी. अंगावर मोठा सैल कोट, चेहरा उतरलेला, केस वर बांधलेले. नंबर आला तेव्हा तिने टकटक केली आणि हसण्याचा प्रयत्न केला.

"वाटसरू आहे," ती म्हणाली. तिने कोट अंगाशी ओढून घेतला. "वाटा मिळावा."

हेस्टरने तिच्याकडे पाहिलं. मग सुरी घेतली आणि पावाची जाड फोड कापली. पेला भरला. दोन्ही फळीवर ठेवलं आणि प्रत्येकाला म्हणतात तेच म्हणाली, "घ्या, आणि सुखाने पुढे जा."

लेटीने पाव उचलला. बिअरला हात लावला नाही. मागचा माणूस खाकरला तशी ती बाजूला झाली आणि चढ उतरून गेली.

हेस्टरला वाटलं होतं, येईल मागच्या दाराने. रडेल, भांडेल, मग मीही भांडेन, आणि होईल मोकळं. संध्याकाळी तिने दोन कप काढून ठेवले. किटली तीनदा उकळून थंड झाली. शेवटची बस गेली तेव्हा तिला समजलं की आपण काय करून बसलो.

खरं काय ते पुढच्या मे महिन्यात कळलं. चक्री आली, पण चक्रीवर रॉय नव्हता. घोडे पुसणाऱ्या म्हाताऱ्याने सिरिलला सांगितलं, आणि सिरिलने बराच वेळ टोपी हातात फिरवून हेस्टरला. बाप जाताना लेटी दवाखान्यात होती. बाळंतपण अवघड गेलं होतं. उठायची परवानगी मिळाली त्याच दिवशी ती बस पकडून इथे आली होती, तान्हं पोर शेजारणीकडे टाकून. आता ती आणि रॉय जत्रा सोडून किनाऱ्याकडे कुठेतरी राहायला गेले होते. कुठे, ते त्या म्हाताऱ्याला माहीत नव्हतं.

"मुलगी झाली म्हणे," सिरिल म्हणाला.

"कान?" हेस्टरने विचारलं.

"ते नाही विचारलं मी."

"कधी काही कामाचं विचारशील तर शपथ," हेस्टर म्हणाली, आणि आत जाऊन एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली.

लोक म्हणतील, मग शोधायला जायचं होतं. किनारा काय, लांबच लांब. आणि उजेड आहे तोवर खिडकी सोडता येत नाही. ही कारणं खरी होती, आणि तिसरं कारण त्याहून खरं होतं: कोणत्या तोंडाने जायचं? पाव आपल्या हाताने दिला होता. तो परत घेता येत नाही. लेटी पुन्हा खिडकीवर आली आणि तिने पुन्हा मागितलं, तरच नाकारता येईल. दुसरी वाट या गावाला ठाऊक नाही.

म्हणून दर मे महिन्यात ती जत्रेच्या लोकांना एकच निरोप द्यायची. "लेटी भेटली तर सांगा, खिडकीवर ये म्हणावं. या वेळी मिळायचा नाही." ते लोक मान डोलवायचे. त्यांना यातलं काही कळायचं नाही, पण निरोप लहान होता, लक्षात राहण्यासारखा होता. मग एका वर्षी जत्राच आली नाही. पुढेही आली नाही. त्या मैदानावर आता मोठ्या बसगाड्या उभ्या राहतात.

वर्षं गेली. हेस्टरने घराच्या मागच्या दाराची कडी काढून टाकली. कोणी विचारलं तर म्हणायची, गंजली होती. खिडकीसमोरून जग गेलं. सायकलवाले, शाळेच्या सहली, छत्र्या घेतलेले जपानी पाहुणे, हनिमूनची जोडपी, कुत्री घेऊन हिंडणारे एकटे म्हातारे. ती प्रत्येक बाईचे आधी कान बघायची आणि मग पाव कापायची. लोकांना वाटायचं, म्हातारी जरा तिरळी आहे. गावातल्या पोरी माहेरी यायच्या, टकटक करायच्या, आणि ती ठणकावून सांगायची, "गावच्या माणसाला मिळत नाही." हे वाक्य तिच्याइतकं कोणी चांगलं म्हणत नसे. दुसऱ्यांच्या पोरींवर ती ते जन्मभर उधळत राहिली.

मग इमोजेन आली. पाहुण्यांच्या सोयीसुविधांसाठी नेमलेली, तिशीतली, हुशार, भराभर चालणारी. वाईट अजिबात नव्हती. हेस्टरची बोटं दुखतात हे सगळ्यांच्या आधी तिनेच ओळखलं. लोकरबाजारात नवीन केंद्र होणार होतं. तिथे नकाशे, चहा, बाळांचे कपडे बदलायला खोली, व्हीलचेअरसाठी उतार, सगळं होणार होतं. चढ चढता न येणाऱ्यांची सोय होणार होती, आणि याला कोण नाही म्हणेल? खिडकी काचेआड जाणार होती. तिकीट काढणाऱ्याला वेष्टनातलं बिस्किट मिळणार होतं. सप्टेंबर संपला की खिडकी बंद.

"आवाज मात्र तुमचाच ठेवायचाय," इमोजेन म्हणाली. तिने हेस्टरच्या पुढ्यात छोटा माइक ठेवला. "लोक बटण दाबतील, आणि तुम्ही बोलाल."

"मी मेल्यावरसुद्धा?"

"असं काय हो बोलता. म्हणा ना, घ्या, आणि सुखाने पुढे जा."

हेस्टर म्हणाली. एका दमात, चांगलं म्हणाली.

"छान. आता दुसरं. गावच्या माणसाला मिळत नाही."

"ते नाही म्हणणार."

"का?"

"गावचा कोण, हे तुझ्या यंत्राला कसं कळायचं?"

"दोन बटणं असतील. ज्याला जे ऐकायचं असेल ते तो दाबेल."

हेस्टरने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अगं बाळा, ते ज्याचं त्याला ठरवता आलं असतं, तर लोक खिडकीवर आलेच कशाला असते?"

इमोजेनने माइक बंद केला आणि त्याची वायर गुंडाळली. मग म्हणाली, "मी इथली नाही. मी पहिल्या दिवशी आले, तेव्हा तुम्ही मला पाव दिला होता."

"हो. तुला भूक लागली होती."

त्यानंतर हेस्टरला झोप लागेना. खिडकी जाण्याचं दुःख तिला होतं, पण ते गिळता येण्यासारखं होतं. जागं ठेवायचा तो वेगळाच विचार. खिडकी बंद झाली आणि त्यानंतर लेटी आली, तर? तिने बटण दाबलं, आणि आपलाच आवाज तिला पुन्हा म्हणाला, सुखाने पुढे जा, तर?

शेवटच्या दिवशी ऊन पडलं होतं. अख्खं गाव चढावर लोटलं. जे कधी फिरकले नव्हते तेही गळे काढत होते. सिरिल गाडीतळ सोडून वर आला होता, नवीन टाय घालून.

"खाली सोडून आलास सगळं?" हेस्टरने विचारलं.

"आज कोण बघतंय. एक म्हातारी बसलीये निळ्या गाडीत, तिकीट न काढता. मी म्हटलं, आजी, तिकीट. तर म्हणते, पाच मिनिटांत जाणार आहोत. तासभर झाला." त्याने मान हलवली. "शेवटच्या दिवशी कुठे भांडत बसू. म्हटलं, बस बाई."

हेस्टर हसली आणि पुढची फोड कापली. रांग सरकत होती. दुपार कलली. पाव संपत आला होता.

पंचेचाळिशीची एक बाई खिडकीशी आली. साधा रेनकोट, हातात काही नाही. तिने लाकडावर टकटक केली, चुकीच्या जागी, फार हळू. वारा आला तसे तिने केस मागे सारले.

हेस्टरच्या हातातली सुरी थांबली.

"वाटसरू आहे," बाई म्हणाली. वाक्य घोकून आणल्यासारखं. "वाटा मिळावा."

कान उभे होते. पण उभ्या कानांची माणसं जगात काय थोडी असतात? जन्मभरात हेस्टरने असे कितीतरी कान पाहिले होते, आणि प्रत्येक वेळी पाव कापला होता. नाव विचारायचं नाही. कुठून आलीस विचारायचं नाही. ही खरीच परकी असली, तर इतक्या पिढ्यांत न झालेली गोष्ट आज शेवटच्या दिवशी होणार होती, वाटसरू उपाशी परत जाणार होता. आणि बापाने अख्खा जन्म पाळलेला नियम मोडला जाणार होता, तोही गावादेखत.

रांग पुढे सरकायची थांबली. सिरिल टाचा उंचावून बघू लागला.

हेस्टरने त्या बाईचा चेहरा पाहिला. ती पावाकडे बघतच नव्हती. ती हेस्टरच्या तोंडाकडे बघत होती, निकाल ऐकायला बसल्यासारखी. भुकेलेला माणूस असा बघत नाही, एवढं तरी हेस्टरला जन्मभरात कळलं होतं.

तिने सुरी खाली ठेवली.

"गावच्या माणसाला मिळत नाही," ती म्हणाली. नेहमीसारखं ठणकावून नाही. कसंबसं. आणि खिडकी आपटायची असते, ती आपटायला तिचे हात उठेनात.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणालाच काही कळलं नव्हतं. त्या बाईने फळीची कड घट्ट धरली होती.

"परत म्हणाल का?" तिने विचारलं. "मला नीट सांगावं लागेल तिला."

"कोणाला?"

"आईला. खाली गाडीत बसलीये. गुडघ्यांनी चढ चढवत नाही तिला. म्हणजे, असं ती म्हणते. मला वाटतं, तिला भीती वाटते." बाईचं नाक लाल झालं होतं. "खूप वर्षांपूर्वी चक्रीवाल्यांपैकी कोणीतरी तिला तुमचा निरोप दिला होता. तिचा विश्वास बसला नाही. परवा पेपरात वाचलं, खिडकी बंद होणार. तेव्हापासून जेवली नाही. म्हणाली, तू जाऊन माग. पाव दिला तर एक शब्द बोलू नकोस, घेऊन ये, आपण तशाच परत जाऊ. नाही दिला, तर..."

"तर काय?"

"ते तिने सांगितलंच नाही."

हेस्टरने एप्रनला हात पुसले. "नाव काय तुझं?" तिने विचारलं, आणि आपण हा प्रश्न खिडकीतून आयुष्यात पहिल्यांदा विचारतोय, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"कोरल."

"कोरल, मागून वळसा घालून ये. दाराला कडी नाही. आत जा आणि किटली ठेव. कप वरच्या फळीवर आहेत." मग ती सिरिलकडे वळली. "तू खिडकीवर उभा राहा."

"मी? मला कुठे पाव कापता येतो?"

"जाड कापायचा. नाव विचारायचं नाही. आणि विनोद करायचे नाहीत."

उजेड असताना हेस्टर बाउडलरने खिडकी सोडलेली गावाने पाहिली ती त्याच दिवशी. चढ उतरताना ती जपून उतरली नाही. बंद पडलेल्या चहाच्या दुकानावरून, नकाशाच्या फलकावरून, स्वच्छतागृहासमोरच्या रांगेतून ती एप्रनसकट सरळ निघाली. लोक बाजूला होत होते. गाडीतळाच्या कडेला, नदीच्या बाजूला, निळी गाडी उभी होती.

आत बसलेली म्हातारी नदीकडे बघत होती. पांढरे केस वर बांधलेले होते. काच खाली होती. पावलं वाजली तरी तिने मान वळवली नाही.

"दिला ना?" ती म्हणाली. "सांगू नकोस काही. बस गाडीत, निघू आपण."

हेस्टरला दम लागला होता. तिने गाडीच्या दाराला धरलं, श्वास खाली बसू दिला.

"नाही दिला," ती म्हणाली. "गावच्या माणसाला मिळत नाही, लेटी."